फक्त पायांचे फोटो

कोपरच्या खाडीत एक पाखरू पायात पट्टी घालून हिंडतंय, हे सगळ्यात आधी पाहिलं ते मायाताई पगारेंनी. पण नुसतं पाहिलं म्हणून हल्ली ऐकतो कोण? पूर्वी माणूस सांगायचा, "अमक्याला बाजारात बघितलं," की ऐकणारा मान डोलवायचा. आता लगेच हात पुढे, "फोटो दाखव."

मायाताईंनी एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात एक्स-रे काढले. अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र दणदणीत. "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा!" एवढ्या चार वाक्यांवर त्यांनी निम्म्या जिल्ह्याची हाडं पाहिली. प्लेट काढायची त्यांनी, "साहेब, तिसऱ्या बरगडीला बारीक चीर आहे बघा" म्हणायचं त्यांनी, साहेबांनी "हं" म्हणायचं आणि रिपोर्टवर सही साहेबांची. आता नियमच तसा आहे, टेक्निशियनने रिपोर्टवर सही करायची नसते, आणि त्याबद्दल मायाताईंची काहीएक तक्रार नव्हती. तक्रार नाही हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की त्यांचे यजमान भगवानराव यांना ते तोंडपाठ झालेलं.

निवृत्तीनंतर साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मायाताई घराबाहेर पडल्या त्या थेट खाडीच्या बांधावर. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि चिखलात ही पाखरंच पाखरं. पंधरा दिवसांत त्यांना नावं यायला लागली. महिन्याभरात त्या डोंबिवलीच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दाखल झाल्या. त्या ग्रुपवर वयाने मोठ्या त्याच, उत्साहाने सगळ्यात लहानही त्याच. सकाळी सहाला त्यांचा मेसेज पडायचा, "जय भीम, सुप्रभात, बगळे बावीस."

आणि जानेवारीतल्या एका दुपारी त्यांनी तो मालगुजा पाहिला. मालगुजा म्हणजे लांब सरळ चोचीचा, लांब काळ्या पायांचा पक्षी. थंडीत दूर उत्तरेकडून येतो, गुडघाभर चिखलात चोच खुपसत बसतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. असे तीसेक होते. त्यातल्या एकाच्या उजव्या पायात पांढरी पट्टी, आणि पट्टीवर काहीतरी काळं लिहिलेलं.

मायाताईंनी बांधावरूनच ग्रुपवर लिहिलं. उत्तर हर्षितचं आलं. हर्षित हा ग्रुपचा कारभारी, पंचविशीतला, इंजिनियर, पक्ष्यांच्या बाबतीत हुशार आणि नियमाला पक्का. त्याने लिहिलं, "काकू, भारी! संशोधक लोक अशा पट्ट्या घालतात. वरची तीन अक्षरं वाचली तर पक्षी कुठून आला, कधी पकडलेला, सगळं कळतं. आणि ज्याने वाचलं त्याचं नाव त्या पक्ष्याच्या नोंदीत कायमचं लागतं. निरीक्षक म्हणून. पण फोटो पाहिजे. फोटो नाही तर नोंद नाही."

मायाताईंनी तो मेसेज बांधावर उभ्या उभ्या चारदा वाचला. पैकी तीनदा एकच वाक्य वाचलं. ज्याने वाचलं त्याचं नाव कायमचं लागतं.

घरी आल्या त्या चपला न काढताच म्हणाल्या, "अहो, कॅमेरा घ्यायचाय."

भगवानराव ठाण्याच्या कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट तारीख पडल्याशिवाय होत नाही यावर त्यांचा विश्वास. ते म्हणाले, "घेऊ की. सावकाश."

"सावकाश कसं? ते मार्चअखेर जातं! पाखरू आहे ते, तुमचा पक्षकार नाही, पुढच्या तारखेला हजर राहायला."

झालं. त्या दिवसापासून पगाऱ्यांच्या घरात कॅमेरा शिरला. कॅमेरा यायच्या आधीच कॅमेऱ्याची भाषा आली. भगवानरावांनी कामाचा कागद हातात घ्यावा तसं यूट्यूब हातात घेतलं आणि चार दिवसांत माणूस कामातून गेला. जेवताना म्हणायचे, "फुल फ्रेमला तोड नाही." आंघोळीहून आले की म्हणायचे, "सगळा खेळ लेन्सचा असतो, माया." आयुष्यात ज्यांनी फोटो काढून घेताना सुद्धा डोळे मिटले, ते आता भाजीवाल्याला मेगापिक्सेल समजावून सांगत होते. मायाताईंनी हिशेब एकदाच सांगून टाकला. पस्तीस हजारांच्या वर एक रुपया नाही, आणि त्यात पाखराच्या पायावरची तीन अक्षरं वाचता आली पाहिजेत. बाकी काही नको.

आता हे ऐकायला किती सोपं वाटतं! पण दुकानदाराला सांगून बघा.

ठाण्यातल्या एका मोठ्या, गारेगार दुकानात दोघं गेली. टाय लावलेल्या विक्रेत्याने त्यांना एक कॅमेरा दिला आणि भिंतीवरचा वाघ दाखवला. "मॅडम, याच्यात बघा, मागचं बॅकग्राउंड कसं लोण्यासारखं धूसर होतं. लोक याच्यासाठीच पैसे देतात."

"धूसर व्हायला पैसे?" मायाताई म्हणाल्या. "अहो, पेशंट हलला की प्लेट धूसर यायची, तर साहेब माझ्या नावाने शंख करायचे! मला धूसर नको. मला वाचायचंय."

"काय वाचायचंय मॅडम?"

"पाय."

विक्रेत्याने भगवानरावांकडे पाहिलं. भगवानरावांनी गंभीरपणे मान हलवली, आणि मग त्यांना राहवलं नाही. "फुल फ्रेममध्ये काय आहे?" त्यांनी विचारलं. विक्रेत्याने किंमत सांगितली. भगवानराव त्यानंतर स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

असं आणखी तीन दुकानांत झालं. एकाने हनिमूनचा कॅमेरा दाखवला, एकाने व्लॉगिंगचा. एकाने तर सरळ सांगितलं की आजी, नातवाला घेऊन या. मायाताईंना ना नातू ना तेवढा धीर. त्या त्याला म्हणाल्या, "नातू लागेल तेव्हा घेऊन येईन, आत्ता कॅमेरा बघू दे." पण बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पडला. फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपत आलेला.

मग कुणीतरी सहदेव मढवीचं नाव सांगितलं. ठाण्यातच, बाजारामागच्या गल्लीत, जुने कॅमेरे विकणारा. सहदेव मूळचा दिव्याकडच्या गावातला, आगरी. आजा मिठागरावर कामाला होता, बाप शेती करायचा, आणि सहदेवने पंधरा वर्षं हळदीच्या समारंभांचे फोटो काढले. आगऱ्यांच्या हळदीत रात्रभर नाचणारी चारशे माणसं ज्याने न हलता टिपली, त्याला जगात कशाचं भय! दुकान म्हणजे एक गाळा. जुन्या कॅमेऱ्यांनी असा भरलेला की सहदेवला स्वतःला आत शिरायला तिरकं व्हावं लागे, आणि माणूस काही तिरकं होऊन बारीक दिसणाऱ्यातला नव्हता.

मायाताईंनी सगळं सांगितलं. खाडी, चिखल, मालगुजा, पट्टी, तीन अक्षरं, पस्तीस हजार. सहदेव ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुमाला फोटो नको हाय. तुमाला दुर्बीन पायजे, फोटो काढनारी."

"अगदी बरोबर!" मायाताई एवढ्या जोरात म्हणाल्या की शेजारचा घड्याळवाला बाहेर आला. महिन्याभरात पहिल्यांदा कुणाला तरी त्यांचं म्हणणं कळलं होतं.

सहदेवने दोन कॅमेरे काढले. एक ऐटबाज, काळा, मोठ्या लेन्सचा; कुणी पाहिलं तर फोटोग्राफरच म्हणेल. दुसरा म्हणजे जाडजूड डबा. लेन्स त्यातच चिकटलेली, काढता येत नाही, पण बटण दाबलं की सोंड काढावी तशी लांबच लांब बाहेर येते. वर कुणा आधीच्या मालकाने रबरी पट्टी गुंडाळलेली.

"ह्याला कोन हात लावत नाय," सहदेव म्हणाला. "उजेड कमी असला का हा रडतो. पन लांबचं बघायला ह्याच्यासारखा दुसरा नाय तुमच्या पैशात."

भगवानरावांनी ऐटबाज उचलला. "माया, हा घे. चारचौघांत बरा दिसेल."

"मला चारचौघांत लग्न लावायचंय का त्याच्याशी?" मायाताई म्हणाल्या. "परीक्षा घेऊ या. अहो, तुम्ही एक काम करा. या माझ्या साखरेच्या गोळ्यांच्या खोक्यातून बोटभर पट्टी कापा आणि त्याच्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहा. मला दाखवू नका. पी, आर, एफ अशी फसवी लिहा. कारकुनी अक्षरात नको, नीट."

भगवानरावांनी पाठ फिरवून लिहिलं आणि एक नक्कल कागदावर उतरवून खिशात घातली. कोर्टाचा माणूस, गुप्तता पाळायला त्यांना फार आवडायचं.

"आता ही पट्टी," मायाताईंनी आजूबाजूला पाहिलं, "कुणाच्या तरी पायाला बांधायला पाहिजे."

भगवानरावांचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. घड्याळवाला लगबगीने आपल्या दुकानात गेला. उरला सहदेव.

"ताई, गल्लीत मना सगली वलखतात हो," तो म्हणाला. पण म्हणता म्हणता पँट वर सारायला लागला. हळदीतला माणूस तो. गंमत दिसली की अंग आपोआप हलतं त्याचं.

उजव्या पायाला पट्टी बांधली. सहदेव गल्लीच्या पार टोकाला, वडापावच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मायाताई दुकानाच्या पायरीवर ऐटबाज कॅमेरा घेऊन बसल्या. "श्वास धरा!" त्या गल्लीभर ओरडल्या. सवयच ती! सहदेवने खरोखर श्वास धरला. वडापाववाल्याने पण धरला.

फोटो काढला, मोठा करून पाहिला. सहदेव मोठा सुरेख आलेला, मागची गल्ली लोण्यासारखी धूसर, आणि पायावर पांढरा ठिपका.

मग डबा घेतला. सोंड निघाली, निघाली, निघतच राहिली. पहिला फोटो हलला. "ताई, शटर वाढवा!" सहदेव तिकडून ओरडला.

"कळतं मला!" इकडून मायाताई. "लहान मुलाची प्लेट काढताना वेळ कमीच ठेवावा लागतो, नाहीतर एका बरगडीच्या दोन दिसतात! पाखरू हलेल तसे हला बघू जरा. एका पायावर उभे राहा!"

सहदेव मढवी, वजन ब्याण्णव किलो, वडापावच्या गाडीला धरून एका पायावर उभा राहिला आणि पट्टीचा पाय त्याने चिखलातून उचलल्यासारखा उचलला. लोक थांबले. एका बाईंनी विचारलं, नवस आहे का. वडापाववाला म्हणाला, "नाय मावशी, पाखरू आहे ते." आणि सहदेवला काय चढलं कोण जाणे, त्याने मान खाली घालून चोच मारल्यासारखं सुद्धा करून दाखवलं. गल्लीत टाळ्या पडल्या.

मायाताईंनी डब्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. केला, आणखी केला. मग त्या पायरीवरून उठून ओरडल्या, "आर! एफ! पी! शेवटचा पी आहे, आर नाही! त्याला खालचा पाय नाही!"

भगवानरावांनी खिशातला कागद काढून पडताळा घेतला आणि निकाल वाचावा तसे म्हणाले, "बरोबर आहे."

मायाताई हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होत्या. डबा घेतला. पस्तीसच्या आतच बसला. आणि सहदेवने जाताना फुकटचा सल्ला दिला, तो कॅमेऱ्याहून मोलाचा ठरला. "ताई, अमावस्या नायतर पुनवेला जा. उधानाचं पानी दुपारी चढतं. चिखल बुडाला का पाखरांना पुढं सरकायला जागा नाय, काठालाच येतात. आजा सांगायचा. ऊन पन डोक्यावर असतं तवा, तुमचा डबा रडनार नाय."

पौर्णिमेच्या दुपारी मायाताई बांधावर हजर. डोक्याला टॉवेल, गळ्यात डबा, मागे भगवानराव छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. पाणी चढत आलं तसे मालगुजे मागे मागे सरकत अगदी काठाशी आले. त्यात तोही होता. पट्टीवाला. मायाताईंच्या छातीत असं धडधडायला लागलं की पडद्यावर खाडी नाचायला लागली.

"श्वास घे," भगवानराव हळूच म्हणाले. "धर. हलू नको."

मायाताईंनी धरला. आणि काढले. समोरून काढला, तो वळला तेव्हा बाजूने काढला, दुसरा पाय काढला तुलनेला. सगळं कसं शिस्तीत. घरी येऊन पाहिलं तर अक्षरं छापील! एच, सात, के. मायाताईंनी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. साठीची बाई, गिरकी! भगवानरावांनी तेवढ्यात गॅस बंद केला म्हणून दूध वाचलं.

फोटो ग्रुपवर गेले. मग हर्षितचा मेसेज आला.

"काकू, पक्षी कुठाय?"

मायाताईंनी फोटो पुन्हा पाहिले. फोटोत होता पाय. उजवा पाय समोरून, उजवा पाय बाजूने, दोन्ही पाय एकत्र. वर पोटाची जराशी कड, खाली पाणी. चोच नाही, डोकं नाही, पंख नाही. एकशे चौदा फोटोंत एकाही फोटोत आख्खं पाखरू नव्हतं.

ग्रुपवर मग हसण्याचा पूर आला. कुणी लिहिलं, कोंबडीचं दुकान. कुणी लिहिलं, लेगपीस. हर्षितने सगळ्यांना गप्प केलं, पण त्यालाही नियम सोडवेना. "काकू, अक्षरं एक नंबर आलीत. पण कुठला पक्षी ते फोटोत दिसल्याशिवाय आपल्या यादीत घेता येत नाही. परत एकदा काढा ना, आख्खा."

"पण तू पायच का काढलेस गं?" भगवानरावांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून.

"मग काय काढणार?" मायाताई तडकल्या. "जिथलं बघायचं तिथली प्लेट! पाय मोडला म्हणून आलेल्याचं मी डोकं काढलं असतं तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं! समोरून एक, बाजूने एक, जोडीचा पाय तुलनेला. एकतीस वर्षं हेच केलंय मी!" आणि मग एकदम त्यांचा आवाज बसला. "एकतीस वर्षं तेच केलं, आणि आता माझ्या हातानेच घालवलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज बांधावर. उधाण नसताना सुद्धा. आख्खे बगळे काढले, तुतारी नावाची छोटी पाखरं आख्खी काढली, एक आख्खी म्हैस काढली. पण एच-सात-के काही पुन्हा काठाला येईना. मालगुज्यांच्या अंगावर विटकरी रंग चढायला लागला, म्हणजे निघायची तयारी. अमावास्येला तीसचे बारा दिसले. पुढच्या पौर्णिमेला एकही नाही. नुसता चिखल. मायाताई भरती उतरेपर्यंत तिथे बसल्या आणि भगवानरावांनी छत्री धरून ठेवली.

त्या संध्याकाळी भगवानरावांनी एक उद्योग केला. यूट्यूबवर शिकलेलं एवढं एकच त्यांना प्रत्यक्षात जमलं: कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून त्यांनी ते पायांचे फोटो मोठे करून लावले. "बघ तरी," म्हणाले. "एवढे चांगले काढलेस. आपण दोघं तर बघू."

मायाताई सोफ्यावर तोंड फुगवून बसलेल्या. एक फोटो गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "थांबा."

मग म्हणाल्या, "मागचा लावा."

मग उठल्या, टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. पट्टीच्या खाली, पायाच्या नळीवर एक फुगवटा होता. अगदी बारीक. तिथून नळी किंचित, किंचित बाहेर वळलेली. बाजूच्या फोटोतही तेच. जोडीचा पाय मात्र सरळ, छडीसारखा.

"अहो!" त्या ओरडल्या. "याचा पाय मोडलेला आहे!"

"अगं बाई! आत्ता?"

"आत्ता नाही हो, जुना! मोडला आणि जुळला! हाड जुळलं की तिथे अशी गाठ धरतं. हे बघा, समोरून. हे बाजूने. प्लास्टर कुणी घातलं नाही, औषध कुणी दिलं नाही, आणि हा गडी एवढं उडून जातो आणि येतो!" त्या सोफ्याभोवती फिरायला लागल्या. "म्हणजे पाय मोडलेला असताना हा चिखलात उभा कसा राहिला असेल? एका पायावर! महिनाभर एका पायावर!" भगवानरावांना चटकन वडापावची गाडी आठवली आणि ते हसले, पण मायाताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हर्षितला फोन लावलेला. "तुमची यादी राहू दे बाळा. पट्ट्या घालतात त्यांचा पत्ता दे मला."

हर्षितने गाठीचं सगळं ऐकून घेतलं आणि ग्रुपवरचे फोटो पुन्हा मोठे करून बघितले. मग म्हणाला, "काकू, हे मी बघितलंच नव्हतं." आणि पत्ता दिला.

मायाताईंनी मेल लिहिला. लिहायचा कसा, याचा त्यांना एकच नमुना ठाऊक होता. भगवानरावांनी टाइप केलं, त्यांनी सांगितलं. "खूण एच-सात-के. उजवा पाय, समोरून व बाजूने. डावा पाय तुलनेसाठी. उजव्या नळीला खालच्या भागात जुनं फ्रॅक्चर, पूर्ण जुळलेलं, किंचित वाकडं. चालणं व्यवस्थित. पेशंटची तक्रार नाही." शेवटचं वाक्य भगवानराव काढा म्हणत होते. मायाताईंनी ठेवलं.

सोळा दिवस काही नाही. मायाताई रोज मेल उघडायच्या, त्यात बँकेच्या जाहिराती असायच्या. चालायला जाणंही त्यांनी सोडलं. ग्रुपवर सकाळचे बगळे पडेनासे झाले, तशी ज्यांनी लेगपीस लिहिलेलं त्यांनीच विचारलं, काकू बऱ्या आहात ना.

सतराव्या दिवशी उत्तर आलं. भगवानरावांनी वाचायला घेतलं. हा मालगुजा दोन वर्षांपूर्वी खूण करून सोडलेला. तेव्हा दोन्ही पाय तपासलेले होते, दोन्ही धडधाकट. म्हणजे पाय त्यानंतर मोडला. मोडूनही पक्षी जगला, प्रवास करून पुन्हा आला, हे आम्हाला आपल्या फोटोंमुळेच कळलं. पायांचे इतके नीट, दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो आमच्याकडे सहसा येत नाहीत. आपण हे शिक्षण कुठे घेतलंत? सोबत निरीक्षणाचा अहवाल जोडला आहे. कृपया छापून, सही करून परत पाठवावा.

"काय पाठवावा?" मायाताई म्हणाल्या.

"अहवाल. सही करून."

"कुणाची सही?"

भगवानराव उठले. स्टेशनजवळच्या दुकानातून छापून आणतो म्हणाले, आणि गुडघे विसरून चार मजले उतरले. परत आले ते घामाघूम. कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. वर पक्ष्याची खूण, मधे मायाताईंचीच वाक्यं जशीच्या तशी, फ्रॅक्चर, जुळलेलं, किंचित वाकडं. त्याखाली छापलेलं, निरीक्षण व निष्कर्ष: माया भगवान पगारे. आणि त्याखाली सहीसाठी एक छोटी चौकट.

मायाताईंनी हात धुतले. पुसले. पेन घेतलं, झाकण काढलं, पुन्हा लावलं. "पगाराच्या वेळी करायचे तशी नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ती घाईतली आहे."

मग त्यांनी सही केली. आख्खी, मराठीत, एकही अक्षर न गाळता. ती इतकी मोठी झाली की चौकटीच्या डावीकडून सुरू झाली आणि उजवीकडून बाहेर निघाली, आणि शेवटचा रे तर छापील मजकुरावर चढला.

"अगं, चौकटीत कर ना," कोर्टाचे भगवानराव कळवळून म्हणाले. "मी दुसरी प्रत आणतो."

"आणा," मायाताई डोळे पुसत, हसत म्हणाल्या, "पण त्यात सुद्धा मावायची नाही हो."